रेषा आखण्याआधी पर्वरीला विचारा

मा. सभापती महोदय आणि गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधानसभा संकुल, पर्वरी, बार्देश, गोवा.

सादर नमस्कार.

आपण ज्या पठारावर बसून राज्याचे कायदे करता, त्याच पठारावर राहणाऱ्या एका मतदार बाईचं हे पत्र आहे. अधिवेशनाच्या दिवसांत आपल्या गाड्या जाईपर्यंत आम्ही कडेला थांबतो, एरवी आपला-आमचा संबंध तेवढाच. आजचं कारण वेगळं आहे. मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखायची वेळ जवळ येते आहे, आणि त्या कामासाठी पाच आमदारांची नावं सभापतींना द्यावी लागतील. ती ठरायच्या आधी पर्वरीची बाजू आपल्या कानावर घालावी, म्हणून लिहिते आहे.

रुक्ष भाग आधी उरकते. 2001च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने विधानसभांच्या जागा 2026नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवल्या. ती जनगणना 2027ची. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ-तारीख सरकारने जाहीर केलेली आहे. आकडे हाती आले की परिसीमनाचा, म्हणजे सीमा नव्याने आखण्याचा, कायदा आणि त्याखाली आयोग, असा आजवरचा क्रम आहे. मागचा आयोग 2002च्या कायद्याखाली, न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली बसला. त्या कायद्यात राज्याराज्यातून सहयोगी सदस्य घ्यायची तरतूद होती, पाच खासदार आणि पाच आमदार. गोव्याचे खासदारच दोन, त्यामुळे आपल्या वाट्याला सात जण. त्यातले पाच आमदार कोण, हे सभागृहातलं पक्षबळ ध्यानात घेऊन सभापतींनी ठरवायचं. या सात जणांना मत नसतं, निर्णयावर सही करता येत नाही. पण मसुदा पटला नाही तर त्यांचा वेगळा प्रस्ताव मसुद्यासोबत राजपत्रात छापून घेता येतो. त्यानंतर लोकांच्या हरकती, जाहीर सुनावणी आणि मग अंतिम आदेश. आदेश निघाला की तो कायद्याइतकाच पक्का. तो विधानसभेच्या पटलावर ठेवतात, पण त्यात काना-मात्रा बदलायचा अधिकार आपल्याला नाही. घटनेच्या 329व्या कलमामुळे कोर्टाची वाटही जवळजवळ बंद. तेव्हा जे काही बोलायचं ते आधीच बोललं पाहिजे. नवा कायदा याच साच्याचा असेल असं धरून मी पुढचं लिहिते.

पर्वरी म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना सचिवालय आणि वाहतूक कोंडी एवढंच आठवत असणार. मुळात हा सडा, म्हणजे हे पठार, सेरूला कोमुनिदादीचा. सुकूर, साल्वादोर द मुंद आणि पेन्ह द फ्रान्स हे तिन्ही गाव त्या जुन्या गावकीतले. वस्ती खाली, माडांच्या भाटांत आणि खाजन शेतांच्या काठाने; वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. 1970 साली मांडवीवर पूल झाला आणि बेतीच्या फेरीपलीकडची पणजी एकाएकी उंबरठ्यावर आली. पणजीला स्वतःला हातपाय पसरायला जागा नव्हती, सरकारी नोकरांना घरं हवी होती. गृहनिर्माण मंडळाची वसाहत आली, पीडीए कॉलनी आली. शिक्षण खातं, शालान्त मंडळ अशी कार्यालयं एकामागून एक नदी ओलांडून वर चढली.

1986 हे साल आमच्याकडे दोन कारणांनी आठवलं जातं. त्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांनी कुख्यात गुन्हेगार चार्ल्स सोभराजला इथल्या ओ कोकेरो रेस्टॉरंटात पकडलं आणि पर्वरीचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. जुलैच्या 5 तारखेला मांडवीचा पूल कोसळला. पहिली गोष्ट लोक पाहुण्यांना अजून रंगवून सांगतात. दुसरीमुळे सगळी पर्वरी पुन्हा फेरीच्या रांगेत उभी राहिली, आणि आपण झोपतो एका काठावर, पोट आहे दुसऱ्या काठावर, हे एकेका घराला नीट समजलं. उपनगर म्हणतात ते हेच. पुढे नवे पूल झाले, 2019च्या जानेवारीत अटल सेतूही झाला. त्याआधी 2000 साली आपण सगळे आदिलशहाच्या राजवाड्यातून इथे आलात आणि 2021 साली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची नवी इमारत उभी राहिली. कायदे करणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे असे दोघेही आमचे शेजारी झाले.

आता मतदारसंघाचं. 1963च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली तेव्हा सभागृहाच्या जागा 30. त्यांतल्या 28 गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. आमच्या बार्देश तालुक्याला पाच मिळाल्या: शिवोली, म्हापसा, थिवी, कळंगुट, हळदोणे. 30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झालं, जागा 40 झाल्या, आणि 1989च्या निवडणुकीत बार्देशच्या यादीत साळगाव वाढलं. पर्वरी तेव्हाही नाही. या सड्यावरचे लोक शेजारच्या गावांच्या नावाखाली मतदान करत राहिले. पूल पडल्यावर सभागृहात आमच्यासाठी कोण बोललं, असं कोणी विचारलं तर बोट दाखवायला आमच्या नावाचा आमदार नव्हता.

2008 साली सीमा बदलल्या. विधानसभेच्या यादीतून चार नावं गेली: धारगळ, पैंगीण, पाळी, लोटली. चार नवी आली: पर्वरी, दाबोळी, साखळी, नुवे. पेडण्याच्या तीन जागांच्या दोन झाल्या, बार्देशच्या सहाच्या सात. पेडण्यातून नोकरीधंद्यासाठी निघालेली किती तरी कुटुंबं एव्हाना पर्वरीत फ्लॅट घेऊन राहत होती; माणसांच्या मागून त्यांची जागाही आली, असं म्हणायला हरकत नाही. पेडणेकरांना ते रुचलं नसणार आणि त्यांचं चूक नाही. आता तिथे मोपाचा विमानतळ उभा आहे, पुढच्या मोजणीत काटा कुठे झुकेल कोणी सांगावं.

या बदलाचं वजन कळायला एक भागाकार करून पाहावा. 2011च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545. चाळिसांनी भागली की एका आमदारामागे साधारण साडेछत्तीस हजार माणसं येतात. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाख नव्वद हजारांच्या घरात जातो. गोव्याचा आमदार म्हणूनच आपल्या मतदाराला नावाने हाक मारतो, त्याच्या लग्नात जेवतो, बाराव्यालाही हजर असतो. पण याची दुसरी बाजू अशी की इथे रेषा एका वाड्याने सरकली तरी निकाल फिरू शकतो. महाराष्ट्रात एखादं गाव इकडचं तिकडे गेलं तर उमेदवाराला ते जाणवणारही नाही. गोव्यात एका वाड्यावर मंत्रिपद येतं आणि जातं. हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार!

नव्या मतदारसंघात पहिलं मतदान 3 मार्च 2012 रोजी झालं. पर्वरीने अपक्ष निवडून दिला, रोहन खंवटे. 2017 साली पुन्हा तेच, पुन्हा अपक्ष. त्या वेळी काँग्रेसच्या 17 आणि भाजपच्या 13 जागा होत्या, त्यामुळे तीन अपक्षांची किंमत वाढली. आमचे आमदार पर्रीकरांच्या सरकारात महसूलमंत्री झाले. जुलै 2019मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, सरकारला आधाराची गरज उरली नाही आणि मंत्रिमंडळातून वगळलेल्यांत आमचेही आमदार होते. 2021च्या डिसेंबरात ते भाजपमध्ये गेले, 2022 साली त्या पक्षाच्या चिन्हावर जिंकले आणि पर्यटनमंत्री झाले. मतदारसंघ जन्मल्यापासूनच्या तिन्ही निवडणुकांत माणूस एकच. हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही आणि बाजूनेही नाही. मला फक्त एवढं दाखवायचं आहे की पर्वरीने दोनदा पक्षाला नकार देऊन माणूस निवडला. जुन्या गावांत मत कुठे जाणार हे पुष्कळदा घराण्यावर, देवळाच्या महाजनकीवर, चर्चच्या वाड्यावर ठरतं. इथे वरच्या मजल्यावरचा सत्तरी तालुक्यातला, शेजारचा सावंतवाडीचा, समोरचा मडगावचा. कोणत्याही पक्षाचं पिढीजात कार्यालय या जिन्यांवर नाही. असा मतदारसंघ आखणाऱ्यांच्या हाती ओल्या मातीसारखा सापडतो. आपल्या रेषेसाठी आरडाओरडा करणारं जुनं गाव त्याच्या पाठीशी नसतं.

त्यातच पर्वरीला स्वतःची स्थानिक संस्था नाही. सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद या तीन ग्रामपंचायतींमध्ये हे शहर वाटलेलं आहे. हो, शहरच म्हणते. सहा-सात मजल्यांच्या इमारती, मॉल, विधानसभा, हायकोर्ट, आणि कचऱ्याची तक्रार घेऊन जायचं ते सरपंचाकडे. फातोर्ड्याचं तसं नाही. मतदारसंघ वेगळा असला तरी तो मडगाव पालिकेत आहे. पणजी महापालिकेचे काही प्रभाग ताळगाव मतदारसंघात येतात, तिथल्या माणसाला निदान नगरसेवक तरी आहे. आमच्याकडे रस्त्याच्या एका बाजूची पंचायत आणि दुसऱ्या बाजूची पंचायत एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि महामार्ग दोघींचाही नाही. घटनेत ग्रामीण भाग शहरी होत असताना मधल्या टप्प्यासाठी नगर पंचायतीची सोय 1993पासून आहे. ती इथे का नको, याची कारणं मला माहीत आहेत. घरपट्टी वाढेल ही भीती खरी आहे, आणि ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला जाब विचारण्याचा हक्क जाईल ही भीती त्याहून खरी. पर्वरीची पालिका करावी की नाही यावर आमच्याच सोसायटीत दोन तट पडतील. तो वाद आमचा आम्ही घालू. पण स्थानिक संस्था तुकड्यांत असताना पर्वरीला एकत्र धरणारी सरकारी रेषा एकच आहे, विधानसभा मतदारसंघाची. तीही मधून चिरली गेली तर पर्वरी म्हणून बोलणारं कोणी उरणार नाही.

आणि चिरायला सोपी जागा तयार होते आहेच. राष्ट्रीय महामार्ग 66 पर्वरीच्या मधोमध जातो, त्यावर पाचेक किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम काढलं. त्या कामापायी 2025 साली खाप्रेश्वराचा वड हलवला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी तरी आपल्या ध्यानात आलं असेल की या फ्लॅटवाल्यांनाही जागेची माया असते. नकाशा समोर घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला महामार्ग ही फार सोयीची सीमा वाटते: सरळ, ठळक, वाद नसलेली. 2002च्या कायद्यात सीमा आखताना भूगोल, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असं म्हटलं आहे. दळणवळणाचा रस्ता लोकांना जोडतो हे धरलं तर महामार्ग मतदारसंघाच्या पोटात असायला हवा. मोजणीत पर्वरीची लोकसंख्या वाढलेली निघेल आणि काही भाग बाहेर काढावा लागेल, हे मी नाकारत नाही. पण कोणता काढायचा, हे तिन्ही गावांच्या ग्रामसभांना विचारून ठरवा. निदान विचारा तरी.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूचीही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या फायद्याची आहे आणि म्हणून आपण ती कधी बोलणार नाही. पर्वरीत राहणाऱ्या कितीतरी जणांचं मत पर्वरीत नाही. चवथीला गाव, जत्रेला गाव आणि मतदानालाही गाव. निवडणुकीच्या दिवशी सकाळी पेडणे, डिचोली, सत्तरीकडे निघालेल्या गाड्या पाहाव्यात! प्रचाराच्या दिवसांत बाहेरचे उमेदवार आमच्या इमारतींचे जिने चढतात ते आपले गाववाले मतदार गाठायला. गावाशी नाळ टिकते हे चांगलंच, माझ्या घरातही तेच चालतं. पण परिसीमन होतं ते जनगणनेच्या लोकसंख्येवर, आणि जनगणना माणसाला जिथे राहतो तिथे मोजते. मतदार यादी मात्र त्याला गावात दाखवते. परिणामी मतदारसंघाचा आकार आमच्या डोक्यांवर ठरतो आणि त्याचा आमदार आमच्यातल्या निम्म्याअर्ध्यांच्या मतावर. गावच्या आमदाराला त्या मतदाराच्या रोजच्या पाण्याचं, रस्त्याचं, मुलांच्या शाळेचं काही पडलेलं नसतं, कारण ते सगळं पर्वरीत घडतं. इथल्या आमदाराला त्याचं मत नसतं. मतदार यादीत नाव कुठे असावं हे कायद्याने ठरतं: माणूस जिथे सामान्यपणे राहतो तिथे. ही तफावत सोयीची आहे म्हणून सगळ्याच पक्षांनी तिच्याकडे पाठ फिरवली आहे. परिसीमनाच्या आधी घरोघरी जाऊन मतदार यादीची तपासणी व्हावी, अशी शिफारस या सभागृहाने एकमुखाने करावी. त्यात काहींची मतं कमी होतील, काहींची वाढतील.

या खेपेला नुसत्या रेषा सरकणार नाहीत, त्यांच्यावर आरक्षणही बसणार आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. 2011च्या मोजणीत गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक 1,49,275, म्हणजे शंभरात दहा. चाळिसात चार जागा सरळ होतात. तरी 2012, 2017 आणि 2022 या तिन्ही निवडणुकांत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. अनुसूचित जातींसाठी पेडणे ही एकच. संसदेने 2025 साली त्यासाठी कायदा केला, उशीर झाला पण झाला. शिवाय 2023च्या घटनादुरुस्तीप्रमाणे परिसीमनानंतर एक तृतीयांश जागा महिलांच्या, म्हणजे सुमारे तेरा. 2022 साली निवडून आलेल्या बायका तीन: ताळगाव, पर्ये आणि शिवोली. तीनाच्या तेरा होताना कोणाचा मतदारसंघ जातो याची काळजी आतापासून कितीजणांना लागली असेल, याची मला कल्पना आहे. त्या घाईत पर्वरीसारखा वारस नसलेला मतदारसंघ तोडजोडीला पहिला पुढे केला जाईल, ही माझी शंका आहे.

सभापती महोदय, रेषेचा प्रश्न लोकांना विचारण्याची रीत या भूमीत एकदा पाळली गेली होती. 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा; मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. विलीनीकरणाला 1,38,170, विरोधात 1,72,191. फरक 34,021 मतांचा. आमच्यासारख्या मराठी घरांत त्या दिवसाची गोष्ट अजून दोन तऱ्हांनी सांगितली जाते आणि कधी कधी जेवणाच्या पानावर आवाज चढतो. ते असो. गंमत पुढची आहे. दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारांनी विलीनीकरणवादी मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, पुन्हा सत्तेवर बसवलं, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. सीमा कुठे असावी आणि राज्य कोणी करावं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे 1967च्या गोंयकाराला कळत होतं. मतदारसंघाची रेषा राज्याच्या रेषेपेक्षा पुष्कळ लहान. ती आखताना लोकांना विचारलं तर गोंधळ होईल, हे कारण मला सांगू नका.

म्हणून मागणं असं. पाच आमदार नेमताना त्यांतला निदान एक पर्वरी, ताळगाव, सांताक्रूझ, फातोर्डा, दाबोळी अशा वाढत्या उपनगरांतला असावा, आणि विरोधी बाकांवरचा माणूस नावापुरता घेऊ नये. हे पाच जण आयोगापुढे काय मांडणार आहेत, ते मसुदा येण्याआधी सभागृहात चर्चेला ठेवावं. त्यांनी सुचवलेल्या सीमांचे नकाशे मराठीत आणि कोंकणीत प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागावेत. राजपत्र वाचणारा मतदार मी अजून पाहिलेला नाही. आयोगाची जाहीर सुनावणी होईल तेव्हा ती सुट्टीच्या दिवशी ठेवावी अशी विनंती राज्याने करावी, कारण आमच्यातले बहुतेक जण कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सात पुलापलीकडे असतात. आणि सेरूलाचे तिन्ही गाव एका मतदारसंघात राहावेत. तोडायचेच झाले तर महामार्गाच्या रेषेवर तोडू नयेत.

पुढच्या अधिवेशनात यावर एखादा तारांकित प्रश्न जरी आला, तरी मी प्रेक्षक गॅलरीत येऊन बसेन. पाससाठी अर्ज कुठे करायचा ते ठाऊक आहे, आणि घरापासून विधानसभा चालत जाण्याइतकी जवळ आहे.

आपली,
पर्वरी मतदारसंघातली एक मतदार